नावाखालची रेघ

वंशावळ लिहून देणारा मुलगा फार तर पंचविशीचा असेल. तहसील कचेरीबाहेर निळ्या ताडपत्रीखाली त्याचं टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि प्रिंटर, प्रिंटरवर पागोळ्या पडू नयेत म्हणून पालथी घातलेली प्लास्टिकची परात. बाबा गेल्यापासून दोन वर्षं रेंगाळलेली वारस नोंद एकदाची उरकायची म्हणून आम्ही गावी आलो होतो. काका, माझा धाकटा भाऊ आणि मी. काकांना सगळं तोंडपाठ. पणजोबा, त्यांच्याखाली आजोबा, आजोबांशेजारी आजी, तिथून खाली पाच रेघा. ते सांगत होते आणि मुलगा टकटक करत चौकटी काढत होता. गेलेल्यांपुढे ‘मयत’, असलेल्यांपुढे वय. मध्येच त्यानं मान वर न करता विचारलं, “आजोबांचं लग्न एकच ना?” काका म्हणाले, “दोन. पण पहिलीला मूलबाळ नव्हतं, आणि आजोबांच्या आधीच गेली ती. ती नको.” मुलगा म्हणाला, “नावलद मयत म्हणून टाकतो की. एक चौकट वाढेल फक्त.” काकांनी हात झटकला. “वारसाशी तिचा काही संबंध नाही. कशाला उगीच?” मी स्टुलावर बसून छत्रीचं पाणी कुठून कुठे वाहतंय ते बघत होते. कागद बाहेर आला तेव्हा चांगलाच गरम होता. आम्ही तिघांनी सह्या केल्या.

ती नको.

घरात तिला सगळे थोरली आई म्हणायचे, आजीसुद्धा. मी सात वर्षांची असताना ती गेली, त्यामुळे माझ्याजवळ तिचं फार काही नाही. पदराला येणारा ओल्या सुपारीचा वास, आणि अडकित्त्याचा आवाज. दुपारी सगळं घर आडवं झालं की माजघरातून तो आवाज यायचा, कट्, मग थोडी शांतता, मग पुन्हा कट्. लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नाही तेव्हा आजोबांना दुसरं लग्न करायला तिनंच सांगितलं, इतकंच नव्हे तर स्वतः बैलगाडीतून जाऊन मुलगी बघून आली, असं घरात अभिमानानं सांगितलं जायचं. हा अभिमान नक्की कोणाचा, हे मला कधी कळलं नाही. तिच्या मोठेपणाचा, की आपल्या घराण्याला अशी समजूतदार बाई मिळाली याचा? आजीला पाच मुलं झाली. त्यातले पहिले बाबा, आणि बाबांना अंगाखांद्यावर वाढवलं ते थोरल्या आईनं. आजी तिच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची.

त्या रात्री गावच्या घरी वीज नव्हती. मोबाइलच्या उजेडात मी पर्समधली वंशावळीची प्रत काढून पुन्हा पाहिली. भावाच्या चौकटीखाली दोन रेघा आहेत. माझ्या चौकटीखाली रेघ नाही.

आणि का कोण जाणे, मला साराय आठवली. तशी ती माझ्या फार जुन्या ओळखीची. आमच्या घराला लागून जे पडकं जोतं आहे तिथे पूर्वी शनवार तेल्यांचं घर होतं. ते लोक इस्रायलला निघून गेले तेव्हा बाबांच्या मित्रानं जाताना त्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्याच्या पाठीवर ‘जुना करार’ असं छापलेलं. लहानपणी मला वाटायचं, हा कुठल्यातरी जमिनीचा करार असणार. आमच्याकडे करार म्हणजे वाडी खंडानं दिल्याचा कागद, लाल कापडात बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेला. एवढा जाड करार म्हणजे जमीनही केवढी असेल! पुढे कॉलेजात असताना ते पुस्तक, म्हणजे यहुद्यांचं बायबल, वाचलं आणि कळलं, की माझी समजूत अगदीच काही चुकीची नव्हती. त्यात जमीन आहेच. वारस आहेत, भाऊबंदकी आहे, वाटणीवरून फसवाफसवी आहे, आणि पानोपानी वंशावळी आहेत.

या वंशावळी लोक सहसा ओलांडून पुढे जातात. मला मात्र त्यांची एक लय आवडते. अमका इतकी वर्षं जगला, त्याला तमका झाला, त्यानंतर तो आणखी इतकी वर्षं जगला, त्याला आणखी मुलगे आणि मुली झाल्या, मग तो मेला. जात्यावर बसल्यासारखं. मथुशलह 969 वर्षं जगतो आणि त्यालाही तेवढ्याच ओळी मिळतात. ते ‘आणखी मुलगे आणि मुली’ वाचताना दर वेळी मी क्षणभर थांबते. आमच्या ताडपत्रीखालच्या मुलानं त्यांना काय म्हटलं असतं? असो. तर त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, अकराव्या अध्यायात शेमपासूनची ही यादी नोहाच्या वंशाला खाली ओढत आणते, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, भरधाव, तेरहापर्यंत. तेरहाला अब्राम. अब्रामाची बायको साराय. आणि इथे यादी एकदम अडखळते. साराय वांझ होती, तिला मूलबाळ नव्हतं. एकच गोष्ट दोन वेगळ्या शब्दांत, जणू लिहिणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास बसत नसावा. दहा पिढ्यांची रेघ त्या बाईपाशी येऊन संपते.

आणि गोष्ट तिथून सुरू होते.

काकांच्या हाती ते पुस्तक असतं तर ते अकराव्या अध्यायाशीच संपलं असतं, असं अंधारात पडल्या पडल्या मला वाटलं आणि हसू आलं. देव अब्रामाला म्हणतो, तुझा देश, तुझे नातलग, तुझ्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. तुझं मोठं राष्ट्र करीन. अब्राम तेव्हा 75 वर्षांचा, साराय त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. खास्द्यांच्या ऊरहून, म्हणजे आजच्या इराकमधून, निघालेलं हे कुटुंब हारानात येऊन थबकलेलं होतं, आजच्या तुर्कस्तानात. बाप तेरह मूर्तिपूजक. हे मी म्हणत नाही, यहोशवाच्या पुस्तकात शेवटी यहोशवा सगळ्या लोकांना गोळा करून स्पष्ट सांगतो, की तुमचे पूर्वज नदीच्या पलीकडे राहायचे आणि दुसऱ्या देवांची सेवा करायचे. घराण्याचा इतिहास सांगताना पहिल्याच वाक्यात असं काही सांगणारे लोक मी तरी फारसे पाहिलेले नाहीत. आपल्याकडे प्रत्येकाचा मूळपुरुष कुठून तरी मानानं आलेला असतो, त्याला कोणीतरी सनद दिलेली असते, वाटेत देवीनं दृष्टान्त दिलेला असतो.

करार कसा होतो ते पंधराव्या अध्यायात आहे, आणि तो प्रसंग मला अजून भिववतो. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. देव सांगतो त्याप्रमाणे अब्राम तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका आणतो, मधोमध चिरतो आणि अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडून ठेवतो. पारवा आणि पिलू मात्र कापत नाही. प्रेतांवर घारी-गिधाडं झेप घेतात आणि हा म्हातारा माणूस दिवसभर त्यांना हाकलत बसतो. आकाशातल्या ताऱ्यांइतकी संतती होईल असं वचन मिळालेल्या माणसाला हे काम! वाळवणावर राखणीला बसवलेल्या आजोबांसारखं. रक्ताचा वास, ऊन, माश्या, आणि देवाचा पत्ता नाही. सूर्य मावळतो तशी त्याला गाढ झोप लागते, घनदाट काळोखाची भीती दाटून येते, आणि मग धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून निघून जातात. त्या काळी त्या भागात करार करणारे असे कापलेल्या जनावरांमधून चालत जायचे. मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या पुस्तकात वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत गेलेल्या आणि पुढे शब्द फिरवलेल्या लोकांना हेच सुनावलेलं आहे. सीरियात सफीरे इथे सापडलेल्या इसवीसनापूर्वीच्या आठव्या शतकातल्या शिलालेखावरही राजांच्या तहात असंच वासरू आहे, कापलेलं, आणि तह मोडणाऱ्याला दिलेला तसाच शाप. पण या प्रसंगात मधून जाते ती फक्त आग. अब्राम झोपलेला आहे. सही एकाच पक्षाची.

आमच्या तिन्ही सह्या मात्र शुद्धीवर असताना झालेल्या होत्या.

पुढच्याच अध्यायात सारायचं सगळं वागणं थोरल्या आईसारखं. वचनाला दहा वर्षं होऊन गेली तरी काही होईना, तेव्हा ती नवऱ्याला म्हणते, माझ्या दासीकडे जा, कदाचित तिच्यामुळे माझं घर उभं राहील. हिब्रूत ‘घर बांधणं’ आणि ‘मुलगा’ हे शब्द एकमेकांच्या इतके जवळचे आहेत, की तिच्या वाक्यात दोन्ही ऐकू येतात. मी बांधली जाईन, मला मुलगा होईल. दासी हागार मिसरची. तिला दिवस जातात, मालकिणीला ती जुमानेनाशी होते, मालकीण तिचा छळ करते, ती रानात पळून जाते. तिथे झऱ्यापाशी देवदूत तिला गाठतो आणि जे अब्रामाला मिळालं जवळपास तसंच वचन तिलाही देतो, मोजता येणार नाही इतकी संतती. हागार देवाला नाव ठेवते, मला पाहणारा देव. अख्ख्या पुस्तकात देवाला नाव ठेवणारी ही पहिली, आणि ती गुलाम, परदेशी आणि पळालेली आहे. मला साराय समजते आणि म्हणूनच तिचा राग येतो. आमच्या घरात कोण कोणाला काय बोललं असेल? थोरली आई समजूतदार होती असं म्हणतात. पण समजूतदारपणाच्या गोष्टी सांगायला जे उरले होते ते सगळे आजीच्या पोटचे. आणि आजी विषय निघाला की चुलीकडे जायची. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. ती पंधरा वर्षांची होती, बैलगाडीतून एक बाई आली होती आणि बघून गेली होती.

नावांचंही असंच. अब्राम 99 वर्षांचा असताना देव त्याचं नाव बदलून अब्राहाम करतो, सारायची सारा होते. खतनेचा करार होतो तो याच वेळी, पिढ्यान्‌पिढ्या, आठव्या दिवशी, देहावरची खूण. माझ्या आईच्या लग्नात ताटलीतल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. तिचं जुनं नाव सुमन होतं, हे मला दहावीच्या सर्टिफिकेटवरून कळलं. नाव बदलणारा तुम्हाला आपलं म्हणतो आणि आधीचं काहीतरी पुसतोही. पुस्तकात गंमत अशी, की अब्राहामाला त्यानंतर कोणी अब्राम म्हणत नाही. पण नातू याकोब, जो रात्रभर कोणाशीतरी कुस्ती खेळतो, खुब्यातून लंगडा होतो आणि पहाटे ‘इस्राएल’ हे नाव मिळवतो, त्याला पुढल्याच ओळीपासून पुस्तक परत याकोब म्हणू लागतं. दोन्ही नावं शेवटपर्यंत चालू राहतात. सासरी नाव बदललेल्या बाईला भाऊबीजेला भाऊ ज्या नावानं हाक मारतो, तसं काहीतरी.

जोत्याकडे वळते. शनवार तेली म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, त्या लंगड्या याकोबाची मुलं. त्यांच्यात सांगतात ती हकिगत आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांची प्रेतं तिथेच पुरली. ग्रंथ, पोथ्या, सगळं समुद्रात गेलं. म्हणजे करार बुडाला आणि कलमं अंगावर राहिली. आठव्या दिवसाची सुंता, शनिवार, खवले आणि पर असलेलीच मासळी, आणि ‘शमा इस्राएल’ ही एवढीशी प्रार्थना. भाषा आमची, लुगडं आमचं, आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. अब्राहामाचा अबाजी झाला, शमुवेलाचा सामाजी, यहेज्केलाचा हसाजी. मुंबईत 1796 साली त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. त्या मंदिराला त्यांच्यातले लोकसुद्धा मशीदच म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते हरिदासी थाटात कीर्तनं करत आणि आख्यान असायचं अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं. मला ते ऐकायला फार आवडलं असतं. बुवा पूर्वरंग संपवून म्हणत असतील, आता ऐका, सारामाईची कथा.

पण पुस्तकातली हागार त्यांनाही सोडवता आली नव्हती. त्यांच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची असं मानलं जायचं ते. रोटीबेटी व्यवहार नाही. आणि मग इस्रायलमध्ये गेल्यावर हाच प्रश्न फिरून सगळ्यांच्याच पुढ्यात आला. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे यहुदी धर्मगुरूंकडून, विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्राएलांपैकी कोणी लग्नाला आला तर त्याच्या आईचं, आईच्या आईचं, जमेल तितक्या मागल्या पिढ्यांचं मूळ तपासा. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 1964 साली त्यांच्या संसदेनं ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचं ठरावानं सांगितलं, तेव्हा कुठे त्या सूचनांमधून त्यांचं नाव निघालं. दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून आलेल्या माणसाकडे पणजीच्या पणजीचा पुरावा मागायचा! ज्यांच्या ग्रंथात दावीद राजाची पणजी रूथ मवाबी आहे, त्यांनी. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. परक्या देशातली, परक्या देवाची, विधवा सून सासूला म्हणते, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. शेवटी तिला मुलगा होतो तेव्हा शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. नामीला, म्हणजे सासूला. आणि त्या मुलाचं नावही शेजारणीच ठेवतात, ओबेद. त्याच्यापुढे मग पुस्तकातलं शेवटचं काही म्हणून काय, तर वंशावळ.

मी हे असं लिहितेय जणू ते पुस्तक मोठं उदार आहे. तसं ते नाही. साराला नव्वदाव्या वर्षी इसहाक होतो आणि तो दूध सोडतो त्या दिवशीच्या मेजवानीत ती हागारच्या पोराला हसताना बघते. या दासीला आणि तिच्या पोराला घालवून द्या, तो माझ्या मुलाबरोबर वारस होणार नाही. ‘वारस’ हाच शब्द. अब्राहामाला वाईट वाटतं, पण देवच म्हणतो, ती म्हणते तसं कर. पहाटे उठून तो हागारच्या खांद्यावर भाकरी आणि पाण्याची पखाल देतो. पाणी संपतं. ती पोराला झुडपाखाली टाकते आणि बाण जाईल एवढ्या अंतरावर जाऊन पाठ करून बसते, कारण त्याला मरताना तिला बघायचं नसतं. करार इसहाकाशी होणार हे देवानं आधीच सांगून टाकलेलं आहे. तेव्हा अन्याय झाला तो झालाच. पण तरी ते पुस्तक एक गोष्ट करतं जी आमच्या कागदानं केली नाही. ज्याला घालवलं त्याची वंशावळही लिहून ठेवतं. हागारच्या इश्माएलाचे बारा मुलगे, नावानिशी. याकोबाचा थोरला भाऊ एसाव, ज्यानं डाळीच्या वाटीभर कालवणापायी ज्येष्ठत्व विकलं आणि ज्याचा आशीर्वाद धाकट्यानं पळवला, त्याला तर अख्खा एक अध्याय. त्याच्या बायका, मुलं, सरदार, राजे. यातलं कोणीच कराराच्या रेघेत येत नाही. वारसाशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि जमीन. मिसरच्या नदीपासून फरातपर्यंतची जमीन ज्याला वचनात मिळाली, त्या अब्राहामाच्या नावावर हयातीत नेमका किती तुकडा झाला? सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनला वारली. पुरायला जागा नाही. तो हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला एक कबरस्तान विकत द्या. एफ्रोन नावाचा जमीनमालक आधी म्हणतो, घ्या की, फुकटच घ्या. मग सहज म्हटल्यासारखं म्हणतो, चारशे शेकेल रुप्याची ती जमीन, तुमच्या-माझ्यात त्याचं काय? हे वाचून गावाकडे जमिनीचा व्यवहार केलेला कोणीही हसेल. अब्राहाम घासाघीस करत नाही, चांदी तोलून देतो. आणि मग जे येतं ते चक्क खरेदीखत. मम्रेसमोरचं मकपेला इथलं शेत, त्यातली गुहा, शेतातली आणि चतुःसीमेच्या आतली सगळी झाडं, वेशीत बसलेल्या सर्वांच्या समक्ष. देवाच्या कराराला आकाशातले तारे साक्षीदार होते, पण झाडांसकट कब्जा मिळाला तो मेलेल्या बायकोसाठी. पुढे अब्राहाम 175 वर्षांचा होऊन जातो तेव्हा त्याच गुहेत त्याला पुरतात, आणि पुरणारे दोघे, इसहाक आणि इश्माएल. इतकी वर्षं इश्माएल कुठे होता, त्याला निरोप कोणी दिला, गुहेच्या तोंडाशी ते दोघे एकमेकांशी काय बोलले, यातलं काही नाही. एवढंच की दोघांनी मिळून पुरलं. बाबांच्या दहाव्याला काका आणि बाबांचा तो दुरावलेला चुलतभाऊ घाटावर शेजारी शेजारी बसले होते. कावळा शिवेपर्यंत दोघंही आभाळाकडे बघत राहिले.

आपल्या मुलाबाळांना या जमिनीचं पहिलं फळ टोपलीत घेऊन आलं की काय म्हणायचं, हेही सांगून ठेवलं आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात. म्हणायचं, माझा बाप एक भटका अरामी होता. म्हणजे टोपली खांद्यावर, शेत नावावर, आणि तोंडानं मात्र कबुली की आमच्या मूळपुरुषाला राहायला जागा नव्हती. कचेरीत असं कोणी म्हणालं तर नोंद होईल का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. भाऊ परतायची घाई करत होता. जोत्यापाशी एक भाड्याची गाडी उभी राहिली आणि तिच्यातून सत्तरी ओलांडलेली एक बाई उतरली, सुती पँट, डोक्याला रुमाल, बरोबर विशीतला नातू. ती थेट आळूच्या रानात शिरली, ओल्या दगडावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “हितं आमची पडवी व्हती.” वर्षभरात अशी एकदोन माणसं येतातच. पंधरा वर्षांची असताना ती गेली होती. तिचं मराठी तेव्हाच्या तेव्हा थांबलेलं, आता आमच्या गावातही कोणी बोलत नाही असं. मी चहा आणला. आमच्या घराकडे बघत तिनं विचारलं, “ती सुपारी कातरायची ती बाय?”

मी सांगितलं, गेली, फार वर्षं झाली. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडे मलिदा असला की ती यायची. त्यांच्यात मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, वर केळी, खजूर, फुलं, आणि एलिया हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं प्रार्थना. “पोह्याला हात लावायची नाय हां तुमच्यातली. केळं तेवढं घ्यायची, पदरात बांधून न्यायची. पोराला.” मग तिनं आईकडून ऐकलेलं सांगितलं. तिच्या आईनं थोरल्या आईसाठी एलिया हन्नबीला नवस बोलला होता, मूल होऊ दे म्हणून. पुढे तुमच्या घरात मुलगा झाला तेव्हा आईनं मलिदा करून तो फेडला. मी म्हटलं, पण मावशी, तो मुलगा म्हणजे माझे बाबा. ते धाकटीचे. बाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी काहीतरी हिशेबाची चूक केली आहे. “आई म्हणायची, थोरलीला पोर झालं.”

“तुमची आई तिला काय नावानं हाक मारायची?”

“बायो,” ती म्हणाली. “बायोच म्हणायची.”

बायो काही नाव नव्हे. आमच्याकडे कुठल्याही मुलीला बायो म्हणतात. जाताना तिनं पिशवीतून खजुराचा एक डबा काढून माझ्या हातात दिला. चांगले मोठे, काळपट, चिकट खजूर. आम्ही ओट्यावर बसून खाल्ले. काकांनी आधी एक घेतला, मग दुसरा. मी विचारलं, “काका, थोरल्या आईचं नाव काय होतं?”

“सासरचं की माहेरचं?”

“कुठलंही.”

काकांनी बी तोंडात घोळवली. समोर वाडीत नारळाच्या झावळीवरून पाणी गळत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी बी तळहातावर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आईला माहीत असेल.”

आजी जाऊन एकतीस वर्षं झाली.